नकाशावरचा ठिपका

"हे बटन तुम्ही दाबा काका. मी नाही दाबणार," सुरेखा तायडे म्हणाली आणि माझा फोन काउंटरवरून माझ्याकडे सरकवला.

फोनला वायर लावलेली होती आणि ती तिच्या लॅपटॉपला जोडलेली होती. काळ्या स्क्रीनवर बारीक इंग्रजी अक्षरांत बरंच काही लिहून आलं होतं. चष्मा वर-खाली करून मी ते वाचलं. कुलूप उघडलंत तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल, कंपनीची हमी संपेल, पुढे काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. खाली दोनच पर्याय होते. उघडा, उघडू नका.

"तुला येतं ना? मग तूच दाब की."

"येतं म्हणूनच नाही दाबत. मागे एकाचा फोन असाच उघडून दिला, तर त्याच्या घरचे भांडायला आले. बाईनं फोटो पुसले म्हणे. तेव्हापासून नियमच केला. ज्याचं कुलूप, त्याचा हात."

नियम मला पटला. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. आमच्याकडेही सिग्नलच्या यंत्राचं सील तोडायचं तर ते मास्तरनं स्वतःच्या हातानं, आणि मागाहून जाबही त्यानंच द्यायचा. सबंध नोकरीत लोकांनी मला खडूस म्हटलं, नियमावर बोट ठेवणारा म्हटलं, पण मी उगाच सील तोडलं असं कोणी म्हणू शकलं नाही. आणि आता उतारवयात भुसावळच्या बसस्टँडमागच्या गल्लीत बसून मी पोटच्या पोरानं लावलेलं कुलूप तोडायला निघालो होतो.

ही बऱ्याच वर्षांपूर्वीची संक्रांत. माझी बायको इंदू जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मुलगा लोकेश जर्मनीत, सून केतकीही तिकडेच. इंदूच्या दिवसांना लोकेश आला होता, तेव्हा जाताना हा फोन माझ्या हातात देऊन गेला. ज्येष्ठांसाठी खास बनवलेला. स्क्रीनवर फक्त चार मोठे फोटो. लोकेश, केतकी, डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका. फोटो दाबला की फोन लागायचा. दुसरा नंबर फिरवायची सोय नाही. अनोळखी माणसाचा फोन आत यायचा नाही. सगळ्या किल्ल्या लोकेशकडे, तिकडे जर्मनीत.

"नाना, तुम्हाला कोणी फसवायला नको, म्हणून," तो म्हणाला होता.

मला, ज्यानं बिनतिकिटाचे भलेभले नग नुसत्या चालीवरून ओळखले होते, त्याला! पण पोरगा विमानाला निघाला होता, त्याचे डोळे सुजलेले होते. मी फोन खिशात टाकला.

त्या फोनमध्ये एक बाई राहायची. म्हणजे आवाज. फोन आला की ती आधी सांगायची, "लोकेश यांचा फोन आहे." आणि रोज संध्याकाळी न विचारता बोलायची, "शाबास प्रल्हादजी! आज तुम्ही छान चाललात." घरात दुसरं कोणी बोलणारं नव्हतं म्हणून पहिले काही दिवस मी तिला "बरं" म्हणायचो. पुढे पुढे तिचा राग यायला लागला. कारण ती जसजशी बोलायला लागली तसतसा लोकेश बोलेनासा झाला.

आधी तसं नव्हतं. लोकेश लहान असताना आम्ही आडबाजूच्या एका स्टेशनावर राहायचो. तेव्हा दोन स्टेशनं एकमेकांशी घंटीनं बोलायची. एक ठोका म्हणजे लक्ष दे. दोन म्हणजे रूळ मोकळा आहे का. चार म्हणजे गाडी पोचली. आणि ज्याला ठोके मिळाले त्यानं तेवढेच ठोके परत द्यायचे, त्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. पोरगं माझ्या टेबलाखाली बसून हे सगळं शिकलं. घरी ताटावर चमच्यानं दोन ठोके द्यायचं, आणि इंदूनं स्वयंपाकघरातून दोन परत दिल्याशिवाय जेवायला उठायचं नाही. पुढे पुण्याला शिकायला गेलं तेव्हा होस्टेलवर पोचलं की मला मिस कॉल द्यायचं. चार रिंगा आणि कट. मग मी चार रिंगा द्यायच्या. जर्मनीला गेल्यावरही रोज संध्याकाळी एक रिंग यायची, मी एक परत द्यायचो. बोलणं होवो न होवो.

हा फोन आला आणि ते थांबलं. मी लोकेशचा फोटो दाबायचो, तर 'मीटिंगमध्ये आहे नाना, करतो नंतर' असा निरोप यायचा. ते नंतर काही यायचं नाही. केतकी मात्र उचलायची. काय भाजी आणली, तिकडे किती बर्फ पडलं, सांगायची. मग दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी उठून बघतो तर स्क्रीनवर तीनच फोटो. केतकी नाहीच.

लोकेशला कसाबसा निरोप टाकला. उत्तर आलं, 'अपडेट झालंय नाना. काळजी नको.'

म्हटलं, अपडेटमध्ये माणसं जातात होय? संक्रांतीला सुनेला तिळगूळ द्यायचा, निदान तोंडानं, तर तिचा नंबर नाही. तेव्हा डोकं फिरलं आणि मी सकाळीच सुरेखाच्या दुकानात आलो.

"नुसता पुसून चालणार नाही काका," तिनं तपासून सांगितलं होतं. "हे वरवरचं नाहीये. पुसलं की परत तेच येतं. मुळातलं कुलूप उघडून नवी सिस्टिम टाकावी लागेल. पण फोन चांगला महागाचा आहे हं. मुलानं प्रेमानं दिलाय."

"सोन्याची सुरी झाली म्हणून काय पोटात खुपसून घ्यायची?"

ती हसली होती. आता मात्र माझं बोट बटनाशी जाऊन अडलं. पोराच्या हातचं होतं ते. खोटं कशाला सांगू, मी फोन परत तिच्याकडे ढकलणारच होतो.

"आणि काका, एक सांगते. हे उघडलं की तुमचं लोकेशन जायचं बंद होईल."

"कुठे जायचं?"

"माहीत नाही तुम्हाला? तुम्ही जिथे जाता तिथला ठिपका मुलाला नकाशावर दिसतो. सतत. आत्ता तुम्ही माझ्या दुकानात बसलात, तेसुद्धा दिसत असेल."

मी आपोआप दुकानाच्या छताकडे बघितलं. रोजची रिंग द्यायला ह्याला वेळ नाही, आणि बाप कुठल्या गल्लीत उभा आहे ते बघायला आहे? म्हणजे मी माणूस नव्हतोच. मी एक मालडबा होतो, कुठल्या यार्डात उभा आहे एवढं कळलं की काम झालं. मी बटन दाबलं.

फोन विझला. मग बराच वेळ लॅपटॉपवर पांढऱ्या ओळी सरकत राहिल्या, सुरेखा दुसऱ्या गिऱ्हाइकांचे फोन बघत राहिली, आणि मी तिच्या स्टुलावर बसून होतो. शेवटी फोन सुरू झाला तेव्हा आधी एक सूचना आली. या यंत्रावर भरवसा ठेवता येणार नाही, अशा अर्थाची.

"ती आता जाणार नाही काका. दर वेळी सुरू करताना येणार."

"येऊ दे. साहेबांनी माझ्याबद्दल याहून वाईट लिहून ठेवलंय."

"आता बघा, फोन तुमचा. पाहिजे त्याला लावा. सांगा, कोणाचा नंबर टाकू?"

मला लोकेशचा नंबर पाठ नव्हता. फोटोवर बोट ठेवायचं, एवढंच मला येत होतं. केतकीचा तर कधी बघितलाही नव्हता. मला पाठ होते ते रेल्वेचे जुने नंबर, आणि त्या खोल्यांत आता दुसरी माणसं बसत होती. इंदूचा नंबर पाठ होता.

"लोकेश करेल," मी म्हणालो. "माझा नंबर आहे त्याच्याकडे."

सुरेखानं माझ्याकडे बघितलं. स्वतःचा नंबर टाकून दिला. "हा तरी राहू द्या," म्हणाली.

घरी जाताना मी रोजच्यासारखा स्टेशनच्या पादचारी पुलावर थांबलो. घरी भिंतीशी बोलण्यापेक्षा मालगाडीचे डबे मोजलेले बरे, म्हणून मी तिथे थांबायचो. खिशात मोकळा फोन होता. जगातल्या कुठल्याही माणसाला आता मला फोन करता आला असता, आणि यादीत होती ती फोन दुरुस्त करणारी बाई. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. कुठूनतरी सतारीसारखी एक धून वाजत होती, कोणाचा तरी फोन असावा. थांबायची, पुन्हा वाजायची. लोक फोन का उचलत नाहीत, असं मला वाटून गेलं. मी रेलिंगवर कोपर टेकवून उभा राहिलो. इतकं एकटं मला इंदू गेली त्या रात्रीही वाटलं नव्हतं.

घराच्या फाटकापाशी आलो तर शेजारच्या भोळे वहिनी रस्त्यावरच उभ्या. अंगावर संक्रांतीची काळी साडी, एका हातात तिळाच्या लाडवांची वाटी, दुसऱ्या हातात फोन.

"भाऊ! कुठी होते तुम्ही? लोकेशचा फोनवर फोन येऊन राहिला मले. पोराचा जीव टांगणीले लागला. घ्या, बोला आधी."

त्यांनी फोन माझ्या कानालाच लावला.

"नाना? नाना, तुम्ही बरे आहात? कुठे होतात?" त्याला धाप लागली होती.

"पुलावर."

"मी किती फोन केले! उचलत का नव्हतात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती सतार माझ्याच खिशात वाजत होती. फोनातल्या नव्या सिस्टिममध्ये सांगणारी बाई नव्हती, आणि तो सूर माझा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"ऐकू नाही आला," मी म्हणालो.

"तुमचा ठिपका गेला नाना. बसस्टँडच्या मागे होतात, आणि एकदम गेला. मला वाटलं..."

"मी काढून टाकला. कुलूप तोडून घेतलं फोनचं."

"काय? का पण?"

"माझा फोन आहे म्हणून."

"अहो, मी तुमच्यासाठी..."

"काय दिसत होतं तुला त्या ठिपक्यात?"

"सगळं दिसायचं. सकाळी दूध आणायला जाता. मग पुलावर. तिथे खूप वेळ असता. मग वाचनालय, मग घर."

"गेल्या मंगळवारी काय दिसलं?"

"मंगळवारी कुठे गेला नव्हतात. दिवसभर घरातच होतात. बरं वाटलं मला, म्हटलं विश्रांती घेतायत."

"मंगळवारी मला ताप होता लोकेश. पाणी घ्यायला उठवत नव्हतं."

भोळे वहिनींनी तिळाची वाटी कठड्यावर ठेवली आणि फोन माझ्याच हातात राहू देऊन त्या आत निघून गेल्या. मी पायरीवर बसलो.

"समोर रूळ मोकळा दिसतो म्हणून मास्तर गाडी सोडतो का?" मी विचारलं.

"नाही." त्याचा आवाज लहान झाला होता, टेबलाखालून यायचा तसा. "पुढच्या स्टेशनाला विचारतो."

"डोळ्यांना पार क्षितिजापर्यंत मोकळा दिसला तरी?"

"तरी विचारायचं. पलीकडून उत्तर आल्याशिवाय सोडायची नाही."

"मग तू का नाही विचारलंस? नुसतं बघत बसलास. तुझा आवाज ऐकायला मी रोज तो फोटो दाबत होतो रे. मला दुसरं काही नको होतं त्या फोनमधून."

मला वाटलं तो आता माफी मागेल, किंवा चिडेल. दोन्हीची माझी तयारी होती.

"विचारलं असतं तर तुम्हीही विचारलं असतं," तो म्हणाला.

"काय?"

"केतकी कशी आहे म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अपडेटनं नाही गेला तो फोटो, नाना. मी काढला. आमचं आधीपासूनच बिनसलं होतं, ती दिवाळीच्या आधीच घर सोडून गेली. कायमची. आईला जाऊन इतके कमी दिवस झालेले, तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? आवाजावरून तुम्ही लगेच ओळखलं असतं. म्हणून मी..."

"म्हणून तू फोन घेत नव्हतास."

"हो."

"मग दिवसभर करतोस काय रे तिकडे?"

"काम करतो. घरूनच. एका स्क्रीनवर काम असतं आणि दुसऱ्या स्क्रीनवर तुम्ही असता." तो हसल्यासारखं काहीतरी करत होता, पण ते हसणं नव्हतं. "तुम्ही पुलावर पोचलात की माझ्याकडे अंधारच असतो. पण तुम्ही उठून चालायला लागलात म्हणून मीही उठतो. तुम्ही घरी जेवायला गेलात की चहा करतो. या घरात तेवढंच हलतं, नाना. आज तेही बंद झालं, तेव्हा..."

तो रडायला लागला. पस्तिशीचा घोडा, हमसून हमसून रडत होता, आणि मी इथे पायरीवर बसून तिळाच्या वाटीकडे बघत होतो. मला वाटत होतं त्यानं मला कोंडून ठेवलं. कोंडून घेतलं होतं त्यानं स्वतःला, आणि खिडकी म्हणून मला लावलं होतं.

"आज संक्रांत आहे," मी शेवटी म्हणालो.

"माहितेय."

"तिळगूळ घे. आणि गोड बोलता येत नसलं तर नको बोलूस. पण बोल."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुरेखाच्या दुकानात गेलो आणि तो ठिपका परत लावता येईल का, असं विचारलं. तिनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काका, काल तर तुम्ही कुलूप तोडून घेतलं!"

"कुलूप नको. नुसता ठिपका. आणि दोन्हीकडून पाहिजे. त्याला मी दिसलो पाहिजे आणि मला तो. मला वाटलं की मीच बंद करणार."

"म्हणजे कडी आतून," ती म्हणाली आणि लावून दिला. लोकेशचा नंबर आता यादीत होताच. तरी मी तो पाठ केला. रोज दूध आणायला जाताना म्हणत जायचो.

पहिला रविवार आला. नकाशावर जर्मनीतलं ते गाव, एक नदी, आणि नदीजवळ लोकेशचा निळा ठिपका. सकाळपासून तो ठिपका घरातून हलला नव्हता. माझ्याकडे दुपार टळली, तरी तिथेच. सुट्टीचा दिवस आहे, विश्रांती घेत असेल, असं माझ्याही मनात आलंच.

मी नंबर फिरवला. एक रिंग दिली आणि कट केला.

काही आलं नाही. पुन्हा एक रिंग दिली. फोन ताटाशेजारी ठेवून बसलो. आमच्या नोकरीत पलीकडचा मास्तर उत्तर देत नसला तर गाडी उभी ठेवायची आणि विचारत राहायचं, एवढंच हातात असायचं. मी तिसऱ्यांदा फोन उचलला तेवढ्यात सतार वाजली. एक रिंग, आणि बंद.

मग मी सरळ फोन लावला.

"जेवलास का?"

"नाही." मग म्हणाला, "कालही नाही. करावंसं वाटत नाही एकट्यासाठी."

"तांदूळ आहेत?"

"असतील."

"बघ. डाळ बघ. कुकर आहे की तोही गेला?"

"आहे नाना."

"मग ऊठ. फोन ओट्यावर ठेव, बंद करू नको."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग डबे, मग पाणी. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. हळद किती, मीठ किती. इंदूनं शिकवलेलं मला जेवढं येत होतं तेवढं. झाकण लावलं म्हणाला. मग आम्ही दोघं गप्प बसून राहिलो, तो तिकडे ओट्याशी आणि मी इकडे ताटाशी, आणि कुकरची वाफ मला इथे ऐकू येत होती. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली.

चौथी झाली तेव्हा त्यानं गॅस बंद केला आणि म्हणाला, "पोचली, नाना."

मी चमचा उचलला आणि फोनजवळच्या ताटावर चार ठोके परत दिले.